आत्याचा गणपत

माझ्या आत्याइतकी अमेरिकन कुस्ती कळणारी बाई खुद्द अमेरिकेतही सापडायची नाही, हे मी कुठल्याही चारचौघांत छातीठोकपणे सांगू शकते. तिकडचे लोक त्या कुस्त्या करमणूक म्हणून बघत असतील. आत्या त्या बघायची ती लग्नघरातली थोरली बाई मांडवाकडे बघते तशी. कोण कुणाशी नीट वागत नाही, कुणाला उगाच डोक्यावर चढवून ठेवलंय, कोण बिचारा सकाळपासून उपाशी दिसतोय, हे सगळं तिला टीव्हीच्या काचेपलीकडे लख्ख दिसायचं. इंग्रजीचा एक शब्द तिला कळत नव्हता आणि त्यावाचून तिचं काही अडलंही नाही. तिकडे तो समालोचक घसा फोडून बोलत असायचा, इकडे आत्या शांतपणे सांगायची, "हा आता मागनं येऊन मारणार. ह्याची नजरच चांगली नाही." आणि तो मागनं येऊन मारायचा.

आत्या राहायची बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यातल्या एका बैठ्या चाळीत. आता तिथे चार मजली बिल्डिंग आहे आणि आत्याला तिच्यात पहिल्या मजल्यावर एक खोली-स्वयंपाकघर मिळालंय, पण मी सांगतेय ती गोष्ट नव्वदीतली, चाळीत नुकतीच केबल आली होती तेव्हाची. आत्याला मूलबाळ नव्हतं. आमचं घर अंबरनाथजवळ पालेगावात होतं आणि शाळेला सुट्टी लागली की माझी रवानगी आत्याकडे व्हायची. इतर मुली सुट्टीत विणकाम, रांगोळी असं काहीबाही शिकून यायच्या. मी आत्याकडून मानेला पकड कशी घालतात आणि ती सोडवायला पायाची टाच कुठे मारतात, ते शिकून यायचे. आई हताश होऊन बाबांकडे बघायची आणि बाबा, बहीण आपली असल्यामुळे, छताकडे बघायचे.

त्या पैलवानांची खरी नावं आत्याच्या जिभेवर बसणं शक्य नव्हतं, म्हणून तिने सगळ्यांचं बारसं नव्याने केलं होतं. सात फुटी राक्षस होता तो डोंगऱ्या. केस कमरेपर्यंत सोडून फिरणारा तो झिपऱ्या. त्याला बघून आत्याला दर वेळी वाटायचं की ह्याच्या डोक्याला कुणीतरी धरून तेल चोळायला हवं. सोनेरी झगा घालून, आरशात बघत बघत यायचा तो नवरदेव, आणि तोंडाला रंग फासून किंचाळणारा तो पोतराज. ही नावं चाळीत इतकी रुजली होती की पोरं आपसांत भांडतानाही "तू पोतराज, मी डोंगऱ्या" असंच म्हणायची. वर्षातून एकदा अमेरिकेत ह्या सगळ्यांचा एक मोठा सोहळा व्हायचा. तो घरात बसून बघायला तिकडच्या लोकांना म्हणे वेगळे पैसे भरावे लागायचे. आमच्याकडे तो महिना-दोन महिन्यांनी, कुणीतरी उल्हासनगरहून आणलेल्या कॅसेटच्या रूपाने, केबलवाल्याच्या स्वतःच्या चॅनेलवर एखाद्या रविवारी दुपारी लागायचा. आत्या त्याला जत्रा म्हणायची. त्या दिवशी ती सकाळी टीव्हीला हळदकुंकू लावायची आणि नारळ फोडायची. टीव्हीवर नारळ फोडता येत नाही म्हणून उंबऱ्यावर फोडायची, एवढीच तडजोड.

माझे बाबा तरुणपणी खरोखरीची कुस्ती खेळलेले. आसपासच्या गावांच्या जत्रांत त्यांनी चार-दोन कुस्त्या मारल्याही होत्या. ते एकदा आत्याकडे आले असताना टीव्हीकडे बघून म्हणाले की ही कुस्ती नव्हे, हे नाटक आहे, कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असतं. आत्याने हातातलं काम खाली ठेवलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "नाटक तर नाटक, दादा. पण वरनं खाली टाकतात तो माणूस तर खराच ना?" त्यानंतर आत्या महिनाभर माहेरी फिरकली नाही. दिवाळीत भाऊबिजेला आली, रीतसर ओवाळलं, पण बाबांच्या ताटात करंजी एकच वाढली.

कुस्तीतला पंच जमिनीवर थापा मारून तीन मोजतो, ती पद्धत आत्याने चाळीच्या कारभारात लागू केली होती. सकाळी नळावर बायकांची भांडणं पेटली की आत्या पदर खोचून मधे जायची, ओट्यावर हाताने थाप मारायची आणि मोजायची. एक. दोन. तिसऱ्या थापेनंतर जी बाई बोलत राहील ती हरली आणि तिची कळशी शेवटी, असा नियम. हा नियम कुणी मान्य केला होता असं नाही, पण दुसऱ्या थापेलाच सगळ्यांना हसू यायला लागायचं आणि भांडण आपोआप मोडायचं. अजूनही हेंद्रेपाड्यातल्या जुन्या बायका भेटल्या की एकमेकींना हाताने थाप मारून दाखवतात.

पोटापाण्यासाठी आत्या उल्हासनगरच्या जीन्सचे धागे कापायची. तिकडच्या कारखान्यांतून शिवलेल्या पँटींचे गठ्ठे घरी यायचे, त्यांच्या शिवणीतून लोंबणारे धागे छोट्या कात्रीने साफ करून गठ्ठे परत पाठवायचे. आत्याची कात्री इतकी सराईत होती की तिला पँटीकडे बघावं लागायचं नाही. डोळे टीव्हीवर आणि हात शिवणीवर. फक्त एकदा, डोंगऱ्याने कुणालातरी पाठीमागून खुर्ची हाणली, त्या भरात आत्याने धाग्याऐवजी एका पँटीचे पट्ट्याचे सगळे लूप कापून टाकले. ती स्वतः ती पँट घेऊन उल्हासनगरला गेली आणि शेठसमोर ठेवून झाला प्रकार जसाच्या तसा सांगितला. शेठ सिंधी होता, भला माणूस. त्याने आधी पँटीकडे, मग आत्याकडे बघितलं आणि विचारलं की ज्याला खुर्ची लागली तो आता कसा आहे. त्या दिवसापासून गठ्ठा हातात देताना तो आत्याला, सिंधीत ताईला म्हणतात तसं 'अदी' म्हणत, नेमाने विचारायचा, "अदी, आपका पैलवान कैसा है?" आणि आत्या म्हणायची, "ठीक नहीं साईं. कमर में लगा है उसको."

हा 'आपका पैलवान' म्हणजे गणपत.

गणपत कोण, हे सांगायला जरा थांबावं लागेल, कारण गणपत कुणाच्याच लक्षात राहायचा नाही. तिकडच्या त्या झगमगाटात बाकीचे यायचे तेव्हा गाणी वाजायची, धूर निघायचा, दिवे फिरायचे. गणपत असा नुसताच आधीपासून रिंगणात उभा असायचा. मध्यम उंची, जरासं सुटलेलं पोट, कपाळावर मागे हटलेले केस आणि धुऊन धुऊन विटलेली आकाशी चड्डी. त्याचं काम एकच होतं, हरणं. नवा कुणी पैलवान आला की त्याने गणपतला उचलून आपटायचं, लोकांनी त्या नव्याला ओळखायला लागायचं, आणि गणपतने कंबर धरून निघून जायचं. पुढच्या आठवड्यात परत. त्याचं नाव गणपतच का, असं मी एकदा विचारलं, तेव्हा आत्या म्हणाली की तोंडावरून दुसरं कुठलं वाटतंय तुला? आणि खरंच, दुसरं कुठलं वाटत नव्हतं. आत्याचा सगळा जीव ह्या गणपतवर. तो दिसला की ती सावरून बसायची. बाकीच्यांबद्दल तिचं मत फारसं बरं नव्हतं. ती म्हणायची, "बाकीचे मिरवायला येतात गं. हा एकटा कामावर येतो."

आता आतोबांबद्दल सांगायला हवं. आत्याचे यजमान, आमचे आतोबा, अंबरनाथच्या एका कारखान्यात मशीनवर होते. उभा जन्म त्या एकाच मशीनवर गेला म्हटलं तरी चालेल. एके दिवशी सकाळी ते कामावर गेले, तर फाटकाला कुलूप आणि कुलपाशेजारी चिकटवलेला एक कागद. तो वाचून ते घरी आले, खिडकीशी खुर्ची ओढून बसले आणि बोलायचे थांबले. रागावले नव्हते, आजारी नव्हते. फक्त बोलत नव्हते. सकाळी नेहमीच्या वेळेला उठायचे, अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालायचे, आणि टीव्हीकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून बसायचे. आत्या नेहमीच्या वेळेला त्यांचा डबा भरायची. भाजी, पोळी, कोपऱ्यात लोणचं, झाकण लावून डबा त्यांच्या हातात द्यायची आणि तो मांडीवर घेऊन ते बसायचे. बरोबर साडेबाराला, कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीला, डबा उघडून तिथेच जेवायचे. असे सात महिने गेले. चाळीतले लोक सुरुवातीला समजावायला आले, मग यायचे बंद झाले. आत्याने एका शब्दाने त्यांना काही विचारलं नाही. तिने डबा मात्र एक दिवस चुकवला नाही.

ती जत्रा लागली तो रविवार ह्या सात महिन्यांच्या शेवटाकडचा. मी नऊ वर्षांची होते. केबलवाल्याने आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे दुपारी आत्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत सगळी चाळ कोंबली होती. काचेवर उजेड पडतो म्हणून खिडकीला जाड चादर लावली होती, दार लोटून घेतलं होतं, आणि माणसं इतकी झाली की खिडकीतल्या आतोबांची खुर्ची उचलून कोपऱ्यात, कपाटाशेजारी ठेवावी लागली. तिचं तोंड खोलीकडे झालं. आतोबा काही बोलले नाहीत, डबा घेऊन तसेच बसून राहिले. मी कपाटाला टेकून, एका आडव्या बांध्याच्या काकूंच्या मागे. मला अर्धाच टीव्ही दिसत होता, पण तो अर्धा मी पापणी न हलवता बघत होते.

त्या दिवशीच्या एका कुस्तीत एकाच वेळी वीस पैलवान रिंगणात होते. नियम सोपा. वरच्या दोरीवरून बाहेर फेकल्यावर जो जमिनीला टेकला तो बाद. शेवटी जो एकटा उरेल तो जिंकला. आणि वीसचा आकडा भरायला म्हणून असेल, पण त्या विसांत आमचा गणपत होता. त्या मोठ्या सोहळ्यात तो आयुष्यात पहिल्यांदाच आला असावा. आत्याने हात जोडले.

ती कुस्ती मला आजही जशीच्या तशी दिसते. मी ती नवऱ्याला सांगितलीय, माझ्या मुलीला तर अनेकदा सांगितलीय. डोंगऱ्याने गणपतला उचलला आणि दोरीपलीकडे टाकला, पण गणपत पुरता पडला नाही. त्याने खालची दोरी धरली. पाय जमिनीला लागू न देता, दोन्ही हातांनी दोरी घट्ट धरून तो तिथे चिकटून राहिला. आत मोठमोठे पैलवान एकमेकांना तुडवत होते आणि ह्याच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. त्याचा डाव्या पायातला मोजा घसरून घोट्यावर आला होता आणि तो वर ओढायला त्याला हात मोकळा नव्हता. झिपऱ्या गेला, नवरदेव गेला, पोतराज किंचाळत गेला. एकेक जण बाहेर पडत होता आणि गणपत दोरीला धरून होता. शेवटी रिंगणात डोंगऱ्या एकटा उरला आणि त्याने विजयाचे हात वर केले. तेव्हा गणपत हळूच दोरीखालून आत शिरला, उभा राहिला आणि आधी त्याने तो मोजा नीट वर ओढून घेतला. मग त्या दोघांची झुंज झाली. गणपत हरला. पण विसांत तो दुसरा आला, आणि तो बाहेर पडला तेव्हा तिथली माणसं त्याच्यासाठी उठून उभी राहिली. आमची खोलीही उभी राहिली होती. कुणी शिट्ट्या मारत होतं. आत्या रडत होती. खोलीत इतका काळोख होता की ते मला दिसलं नाही, नुसतं ऐकू आलं.

पुढे वर्षानुवर्षं हेंद्रेपाड्यात ही कुस्ती सांगितली गेली. चाळ पाडली, बिल्डिंग उभी राहिली, माणसं पांगली, पण जुनं कुणी भेटलं की गणपतने दोरी कशी धरली होती, हा विषय निघायचाच. आतोबाही त्याच सुमाराला सावरले. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यांत शिलाई मशीनं दुरुस्त करायचं काम त्यांनी धरलं आणि हातपाय चालले तोवर केलं. आमच्या लग्नात त्यांनी इतक्या गप्पा मारल्या की पंगती खोळंबल्या. चार वर्षांपूर्वी ते गेले. आत्या एकटी झाली, पण तिने कुणाकडे राहायला यायचं नाव काढलं नाही. मी आता चिखलोलीला राहते, रिक्षाने तासाच्या आत पोहोचते, म्हणून रविवारी तिच्याकडे जाऊन येते.

गेल्या वर्षी आत्याच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळे स्वच्छ झाल्यावर तिला सगळ्यात आधी भिंतीवरचे पोपडे दिसले आणि मग टीव्ही किती लहान आहे ते दिसलं. मी तिला मोठा, इंटरनेटवाला टीव्ही घेऊन दिला. त्यावर हवं ते जुनं शोधता येतं, हे तिला सांगताना माझ्या मनात विचार आला की ती जत्राही कुठेतरी असेल. तीन-चार आठवडे मी फावल्या वेळात शोधत होते. आमच्या नावांनी तर काही सापडायची सोय नव्हती. शेवटी एका विसांच्या कुस्तीत रंग फासलेला पोतराज दिसला, नवरदेवाचा झगा दिसला आणि मागे कोपऱ्यात ती विटकी आकाशी चड्डी. मी पुढे बघितलं नाही. हे आत्याबरोबरच बघायचं, असं ठरवून ठेवलं.

त्या रविवारी मी सकाळीच गेले. आत्याने चष्मा पुसला, टीव्हीसमोर प्लास्टिकची खुर्ची ओढून ताठ बसली. मी लावलं. डोंगऱ्या आला तेव्हा ती म्हणाली, "अगं, हा तर पोरगेला आहे." सगळेच तरुण होते. गणपतसुद्धा. माझ्या आठवणीत तो चांगला पोक्त होता, आणि आता बघितलं तर पस्तिशीचा, माझ्याहून लहान. आत्या त्याच्याकडे बघत राहिली.

घंटा वाजली. गर्दीत तो दोनदा दिसला, दोनदा दिसेनासा झाला. तिसऱ्या मिनिटाला डोंगऱ्याने त्याला उचलला आणि दोरीपलीकडे फेकला. गणपत सरळ खाली, जमिनीवर पाठीवर पडला. त्याने कुठलीच दोरी धरली नाही. कॅमेरा लगेच दुसरीकडे वळला.

मला आधी वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. मी मागे नेऊन पुन्हा लावलं. तेच. तिसऱ्यांदा लावलं. तेच. मग मला आत्याकडे बघायची हिंमत होईना. इतक्या वर्षांचं तिचं एक सुख मी हौसेने शोधून काढून मोडून ठेवलं होतं. मी घाईघाईने म्हणाले की ही ती नसेल, दुसऱ्या कुठल्यातरी वर्षीची असेल, मी नीट शोधते.

"हीच ती," आत्या म्हणाली.

"अगं, पण तो दोरीला धरून होता ना? मी बघितलं होतं आत्या. आपण सगळ्यांनी बघितलं होतं."

"लाइट गेली होती, बाय."

मला कळेना. मग तिने सांगितलं, माझ्याकडे न बघता, थांबलेल्या त्या चित्राकडे बघत. गणपत पडला तो पुढे बसलेल्या तिने नीट पाहिला होता. तिने तोंडाला पदर लावला, आणि बाकीच्यांना काय झालं ते उमगायच्या आत लाइट गेली. टीव्ही बंद, पंखा बंद, खिडकीला चादर. खोलीत गलका झाला. पोरं हळहळली, बायका उठायला लागल्या, कुणीतरी दार चाचपत होतं. आणि कपाटाजवळून एका माणसाचा आवाज आला. तो आवाज कुणाचा, हे आधी आत्यालाही कळलं नाही. सात महिन्यांत तिने तो ऐकला नव्हता.

"ते म्हणाले, थांबा, बसा सगळे. गणपत पडला नाही अजून. खालच्या दोरीला धरून आहे."

सगळे बसले. कुणीतरी काळोखातूनच विचारलं की तुम्हाला काय माहीत, तर आतोबा म्हणाले की ही कॅसेट मी अंबरनाथला एकाकडे आधीच बघितलीय. साफ खोटं. आतोबा सात महिने घराबाहेर पडले नव्हते, हे चाळीत कोणाला ठाऊक नव्हतं? पण कुणी बोललं नाही. आणि मग त्यांनी ती कुस्ती सांगितली. एकेक पैलवान कसा गेला, कुणी कुणाला उचललं, गणपतचे हात कसे भरून आले. अर्धा तास सांगितली. लाइट आली तेव्हा टीव्हीवर भलतंच काही चालू होतं आणि तोवर खोलीतले सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते.

मला तो मोजा दिसत होता, घोट्यावर आलेला. मी विचारलं, मोज्याचंही त्यांनीच सांगितलं होतं का?

आत्याला हसू आलं. "मग? ह्यांचाच मोजा घसरायचा. इलॅस्टिक गेलेलं, पण नवे घेऊ द्यायचे नाहीत. मशीनवर दोन्ही हात अडकलेले, ओढणार कसा."

"त्यांनी गणपतला पडताना बघितलं होतं?"

"माझ्याइतकंच बघितलं होतं. तोंड इकडेच होतं ना खुर्चीचं."

"मग तू काही बोलली नाहीस?"

"सात महिन्यांनी माणूस बोलत होता गं. त्याला मी मधे कशाला थांबवू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा देताना तिने त्यांना एवढंच विचारलं होतं की सांगायचंच होतं, तर जिंकला म्हणून का नाही सांगितलंत? त्यावर आतोबा म्हणाले होते, "जिंकला म्हणालो असतो तर कुणी खरं मानलं नसतं. टिकला म्हटलं की मानतात." आणि तो डबा घेऊन ते खिडकीशी बसले नाहीत. चप्पल घालून बाहेर गेले. संध्याकाळी परतले ते उल्हासनगरचं काम धरूनच. मशीनं दुरुस्त करणारा माणूस शेठला हवाच होता, आणि आत्याचा नवरा म्हटल्यावर त्याने दुसरं काही विचारलं नाही.

हे तिने कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलं, असं मी विचारलं नाही. रस्त्यावर कुणीतरी भंगारवाला ओरडत चालला होता. टीव्हीवर डोंगऱ्याचा हात अर्धवट वर गेलेला, तसाच थांबला होता.

मग आत्या म्हणाली, "पडला तिथपासून पुढे लाव."

मी लावलं. रिंगणात बाकीचे एकमेकांना धरून होते आणि कॅमेरा त्यांच्यावरच होता, पण आत्या तिकडे बघत नव्हती. ती खुर्चीवरून पुढे वाकून पडद्याच्या डाव्या कडेकडे बघत होती. तिने बोट दाखवलं तेव्हा मलाही दिसलं. मागे, अगदी कडेला, गणपत जमिनीवर उठून बसला होता. त्याने कंबर चाचपली. कठड्याला धरून उभा राहिला. तिथून माणसांच्या दोन रांगांमधून आत जाणारी एक लांब वाट होती, तिच्यावरून तो चालायला लागला. दोन्हीकडची माणसं त्याच्याकडे बघतच नव्हती, त्यांच्या माना रिंगणाकडे. मधेच चित्र बदलायचं, तो दिसेनासा व्हायचा, परत दिसायचा तेव्हा थोडा पुढे गेलेला असायचा. एका म्हाताऱ्या माणसाने कठड्यापलीकडून हात काढून त्याच्या खांद्यावर थोपटलं. गणपत थांबला, त्याला काहीतरी म्हणाला आणि पुन्हा चालू लागला. शेवटी वाटेच्या टोकाला लावलेल्या कापडी पडद्याशी पोहोचला, एकदा वळून बघितलं आणि आत गेला.

"गेला," आत्या म्हणाली.

रिंगणात अजून बारा-तेरा जण होते. ती कुस्ती खरोखर कोण जिंकलं, हे हेंद्रेपाड्यात आजवर कुणालाच कळलेलं नव्हतं. मी विचारलं, पुढचं बघायचं का?

आत्याने चष्मा काढला, पदराने पुसायला घेतला.

"नको. बंद कर," ती म्हणाली. "पुढचं मला माहीत आहे."